सिनेमातली पेटी आणि खरं बिस्किट

सत्तरच्या दशकातल्या पडद्यावरच्या सोनं-तस्कराचा वऱ्हाडातल्या खेड्यांशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध थेट होता.

दुबईहून यायचं ते 10 तोळ्यांचं बिस्किट, 116.64 ग्रॅमचं. कापडी जाकिटाच्या कप्प्यांत 100 बसवली की अंगावर साडेअकरा किलोंहून जास्त सोनं. खरी अडचण किनाऱ्यानंतर. 1968 च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सामान्य माणसाला बिस्किट बाळगायची बंदी होती, दागिन्याची नव्हती. म्हणून परदेशी शिक्का घालवायला ते वितळवायचं, तांब्याचं हीण घालून दागिना घडवायचा. कापसाचा चुकारा हाती आला की शेतकरी पोत घ्यायचा. त्यातलं सोनं कुठलं, हे कळायला मार्ग नव्हता. हॉलमार्क नव्हताच, आणि कसोटीच्या दगडावरची रेघ वरचा थर सांगते, आतला डाक (सांधे जोडायचा हिणकस धातू) नाही. फसायचा तो घेणारा.

टुरिंग टॉकीजच्या तंबूत त्या तस्कराला टाळ्या पडायच्या, आजही त्याच्या आठवणी हळवेपणाने निघतात. मला हे खुपतं. 1990 मध्ये कायदा रद्द झाला, 1992 पासून अनिवासी भारतीयांना शुल्क भरून 5 किलो सोनं आणता येऊ लागलं, जुना नफा आटला. माणसं आणि वाटा मात्र उरल्या: 12 मार्च 1993 च्या मुंबईतल्या स्फोटांसाठीचं आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर तस्करांच्याच मदतीने उतरलं.