घरी एकटी राहिली की रडते, दार ओरबाडते. लहान कुत्रीला सवय कशी लावायची? (सोलापूर)

विजापूररोडच्या_बाई

नमस्कार. आमची जुई पाच वर्षांची, वजन सहा किलो. पॉमेरियन म्हणून आणली होती, डॉक्टर म्हणतात इंडियन स्पिट्झ आहे. आम्ही विजापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी शाळेत शिकवते, मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. साडेदहाला कुलूप लागतं ते साडेपाचला उघडतं.

लेक घरी बसून अभ्यास करायची तोवर काहीच प्रश्न नव्हता. जुई दिवसभर तिच्या खुर्चीखाली. जानेवारीत गड्ड्याची जत्रा संपली आणि लेक नोकरीसाठी पुण्याला गेली, तेव्हापासून हे सुरू झालं. मी साडीला पिन लावायला घेतली की ही धापा टाकायला लागते. डबा भरताना पायात पायात येते. संध्याकाळी दार उघडावं तर दारामागं लाळेचं थारोळं, कधी लघवी. दाराचा सनमायका खालून वीतभर उखडलाय, एकदा नखातून रक्त आलेलं होतं. ठेवलेला दहीभात तसाच पडलेला असतो आणि मी घरात पाऊल टाकलं की अधाशासारखी खाते. खालच्या काकू घरीच विड्या वळतात. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही गेल्यापासून बाळ रडल्यागत रडायलीय, मला भाकरी गिळंना." सोसायटीतल्या एकांनी मात्र कुत्रं काढून टाका असं सांगितलंय.

पिंजऱ्यात कोंडा, दोन फटके द्या, झोपेची गोळी द्या, असे सल्ले रोज मिळतात. मला तिला गप्प करायचं नाहीये. तिची भीती जायला हवी. आता मे महिन्याची सुट्टी लागलीय, शाळा जूनच्या मध्यात. या सुट्टीत मी नेमकं काय करू?

बार्शीकर

ताई, अजून एक पिल्लू आणा. जोडीला कुणी असलं की विसरतंय ते.

मागाचा_आवाज

बार्शीकर, जोडीचा उपाय क्वचितच लागू पडतो. जुईला कुत्र्याची सोबत कमी पडत नाहीये, तिला तिची माणसं हवीत. नवं पिल्लू तिचं बघून रडायला शिकण्याचीही शक्यता असते.

बाई, आमचा बंड्या असाच होता. भाऊ दुबईला गेला आणि यानं बाथरूमचं दार फोडलं. म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दहीभाताची आहे. कंटाळलेलं कुत्रं आधी भात खाईल, मग चपला फाडेल. भेदरलेल्या कुत्र्याच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणजे हा खोडकरपणा नाही आणि सूडही नाही. फटका दिला तर तुमच्या घरी येण्याचीही तिला धास्ती बसेल. पिंजराही नको. दार ओरबाडून नखं रक्ताळणारं कुत्रं जाळीत दात मोडून घेतं.

आधी एक करा. जुना मोबाईल टेबलावर लावून त्यावरून व्हिडिओ कॉल चालू ठेवा, तुमच्याकडचा आवाज बंद करा आणि जिन्यात जाऊन बघा. या त्रासाची लक्षणं बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच दिसतात. जुईच्या बाबतीत मिनिटसुद्धा लागणार नाही असं वाटतं. ओठ चाटणं, जांभया, दाराला नाक लावून उभं राहणं ही सुरुवात. रडणं त्याच्या बरंच नंतर येतं. ही सुरुवात व्हायच्या आत तुम्ही परत आलेल्या असायला हवं. सगळा सराव या एका गोष्टीवर उभा आहे.

समजा तिला दहा सेकंद जमतात. मग सात सेकंद बाहेर राहा, परत या, काही न बोलता पेपर वाचत बसा. ती निवांत पसरली की पुन्हा. काही वेळा नुसती कडी काढून परत लावा, काही वेळा जाळीच्या दारापर्यंतच जा. वेळ दर खेपेला वाढवत नेऊ नका, पंधरा सेकंदांनंतर पाच, मग बारा असं कमीजास्त ठेवा. ती अस्वस्थ झाली तर त्या दिवसापुरतं थांबा आणि दुसऱ्या दिवशी आधीच्या सोप्या टप्प्यापासून सुरू करा. दिवसातून वीसेक मिनिटं पुरे.

साडीची पिन, डबा, पर्स, गाडीची किल्ली, यांची तिला धडकी भरलीय. सुट्टीत पर्स खांद्याला लावून भाजी निवडा. किल्ली वाजवा आणि चहा टाका. त्या आवाजांचा अर्थ पुसला जायला हवा.

आता सगळ्यात अवघड भाग. सराव चालू असताना तिला खरोखरच तासन्‌तास एकटं सोडायचं नाही. सकाळी सेकंदांचा सराव आणि दुपारी लग्नाला जाऊन तीन तास कुलूप, असं केलंत तर सकाळचं सगळं वाया. म्हणून ही सुट्टी तुमच्यासाठी मोलाची आहे. पण सुट्टीभर तिला मांडीवर घेऊनही बसू नका, नाहीतर जूनमध्ये पहिल्या दिवशी ती कोसळेल. तुम्ही स्वयंपाकघरात, ती हॉलमध्ये, असं रोज थोडं असू द्या.

आपल्याकडच्या मे महिन्याचं वेगळं सांगतो. पारा चाळिशीच्या वर असताना दुपारी सराव नको. ती उन्हानं धापा टाकतेय की भीतीनं, हे कळणारच नाही. सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर करा. गॅलरीत ठेवू नका. उकडतं म्हणून केसही भादरू नका, स्पिट्झच्या केसांचा दुहेरी थर उन्हापासूनही वाचवतो. आमच्या शेजारी यंत्रमाग आहेत. ते चालू असले की बंड्याला जिन्यातली पावलं ऐकू येत नसत आणि तो शांत असे. सुट्टीच्या दिवशी माग बंद, की हा प्रत्येक चाहुलीला उठून दाराशी. म्हणून त्या दिवशी आम्ही कूलर आणि रेडिओ चालू ठेवायला लागलो.

तिला भीती नसेल इतक्याच वेळात चाटायला काहीतरी द्या, दहीभात वाटीत गोठवून चालतो. शेंगाचटणी मात्र बोटभरही नको, त्यात लसूण असतो आणि तो कुत्र्यांना विषारी आहे.

सोसायटीचं म्हणाल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, भुंकण्याचं कारण देऊनही नाही. तरी शेजाऱ्यांना भेटून तुम्ही काय उपाय करताय ते सांगा. लोक ऐकतात.

पंढरपूरचा_पशुवैद्य

वरचं लिखाण बरोबर आहे. माझ्याकडून औषधांपुरतं.

आधी लघवी तपासा. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा कुठे दुखत असेल तर नुसत्या सरावानं फरक पडणार नाही. नखाची जखमही दाखवून घ्या.

इतका तीव्र त्रास असेल तर सरावाच्या जोडीनं औषध देण्यात कमीपणा नाही. क्लोमिप्रामीनला १९९८ मध्ये आणि फ्लुओक्सेटिनला २००७ मध्ये अमेरिकेत नेमक्या याच त्रासासाठी, कुत्र्यांकरता मान्यता मिळाली. पण पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात. जूनमध्ये उपयोग हवा असेल तर डॉक्टरांशी आत्ताच बोला. माणसांची गोळी मोडून अंदाजानं देऊ नका, सहा किलोच्या जिवाला ती फार होते. झोपेची गोळी म्हणून जे सांगतात त्यात बऱ्याचदा असेप्रोमॅझिन असतं. त्यानं अंग सुस्त पडतं, भीती तशीच राहते. बघणाऱ्याला वाटतं कुत्रं शांत झालं. मला ते बघवत नाही.

विजापूररोडच्या_बाई

तिघांचेही मनापासून आभार. आज दिवेलागणीला मोबाईल लावून जिन्यात उभी राहिले. जाळीचं दार ओढलं आणि पाच सेकंदांत ती ओठ चाटायला लागली. म्हणजे आमची सुरुवात दाराच्या आतूनच. उद्या डॉक्टरांकडे लघवी तपासायला नेतेय, औषधाचंही विचारते.

खालच्या काकूंना जूनपासून जुईला दुपारी ठेवाल का विचारलं. त्या म्हणाल्या, "इथं बसंल माझ्यापशी, काय खायलीय का मला?" मी पैसे देऊ केले ते त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. त्यांच्याकडे पाठवलं तर चालेल ना?

मागाचा_आवाज

चालेलच, याहून चांगली सोय मिळणार नाही. फक्त विडीच्या तंबाखूपासून जपा. निकोटिन कुत्र्याला विष आहे, आणि एवढ्याशा कुत्रीला चिमूटभरही भारी पडेल. काकू उठतील तेव्हा सूप आणि तयार विड्या फळीवर चढवायच्या, खाली सांडलेला भुगा झाडून घ्यायचा, आणि जुईची जागा सुपापासून लांब, दुसऱ्या भिंतीकडे. सुट्टीतच रोज थोडा वेळ तिला घेऊन काकूंकडे जाऊन बसा. तिचं अंथरूण तिथेच राहू द्या. ती त्या घरात आपणहून झोपायला लागली की मग तुम्ही उठून वर या, आधी दोन मिनिटांसाठी.