नवीन जादूने काय होतंय?

वर कोणीतरी म्हणालंय की मॅजिक सिस्टीम (गोष्टीतल्या जादूचे नियम) हटके असली की मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, फ्रेश वाटतो, मला काय पटत नाही बुवा. रयोको कुईचं 'डंजन मेशी' बघा ना, २०१४ ला सुरू झालं, तेच ड्रॅगन, तीच भुयारं, पण अडचण नवी: हिरोच्या बहिणीला ड्रॅगनने गिळलंय आणि तिला सोडवायला निघालेल्यांकडे जेवायलाच पैसे नाहीत, मग मॉन्स्टरच शिजवा! चालतं-फिरतं चिलखत म्हणजे आत शिंपल्यासारखे जीव निघतात, ते भाजून हाणतात (आमच्या ठाण्यात तिसऱ्या म्हणजे शिंपले खाणाऱ्यांना लगेच पटेल). 'फ्रीरेन' या दुसऱ्या मांगाचं कथानक तर राक्षसराजाला हरवून झाल्यावरच सुरू होतं. बाकी ते ट्रकखाली येऊन दुसऱ्या जगात जाणारे हिरो आता बास झाले यार.