रेट्रो गेमिंगला ‘स्मरणरंजन’ म्हणावं का?

प्रश्न

दिवाळी अंकासाठी जुन्या व्हिडिओ गेमांवर लेख लिहितो आहे. ‘नॉस्टॅल्जिया’ला आपल्याकडे ‘स्मरणरंजन’ रूढ आहे, म्हणून तोच वापरला. ‘रेट्रो गेमिंगच्या स्मरणरंजनातून इंटरनेटवर माणसं जमली’ असं वाक्य लिहिलं आणि तिथेच अडलो. काहीतरी खटकतंय. दुसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद १

खटकतंय ते बरोबरच. मूळ शब्दात ग्रीक ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणं आणि ‘अल्गोस’ म्हणजे वेदना. १६८८ साली बाझलमध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने तो घडवला, परमुलखात झुरणाऱ्या स्विस माणसांच्या आजारासाठी. मराठीत येताना वेदना गळून गेली आणि रंजन उरलं. जुनी गाणी लावून बसलेल्याला तो शब्द शोभतो. रेट्रो गेमिंगवाले मात्र नुसते रमले नाहीत, कामाला लागले. फेब्रुवारी १९९७ मध्ये इटलीच्या निकोला साल्मोरियाने ‘मेम’ हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल संगणकावर करणारा प्रोग्राम, पहिल्यांदा बाहेर काढला. व्हिडिओ गेम पार्लरमधल्या जुन्या यंत्रांतली प्रत्येक चिप नेमकं काय करायची, हे सॉफ्टवेअरमध्ये उतरवायला मग जगभरातून लोक पुढे आले. यंत्रं भंगारात जाण्याआधी त्यांची चाल नोंदली जावी, ही तळमळ. याला मी जतन म्हणेन.

प्रतिसाद २

मला आणखी एक अडचण दिसते. स्मरण कुणाचं? निन्टेन्डो कंपनीचं टेट्रिस, वरून पडणारे ठोकळे रचायचा गेम, १९८९ चं. २१ डिसेंबर २०२३ रोजी ओक्लाहोमातल्या तेरा वर्षांच्या मुलाने ते इतकं लांबवलं, की १५७ व्या पातळीवर गेमच गोठला. त्याला १९८९ आठवणार कुठून?

या निमित्ताने ‘किलस्क्रीन’ शब्दाचा प्रवास बघा, फार सुंदर आहे. पॅक-मॅनमध्ये २५६ व्या पातळीला पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरा-आकड्यांच्या कचऱ्याने भरतो, कारण पातळी मोजायला ० ते २५५ एवढीच जागा दिलेली. गेम मोडतो, म्हणून किलस्क्रीन. टेट्रिसवाले मात्र २९ व्या पातळीला किलस्क्रीन म्हणत. तिथे ठोकळा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात तळाला येतो; बटण दाबून धरलं तर कडेपर्यंत पोचतच नाही. गेम शाबूत, हरतो तो माणूस. पुढे काही जण अंगठा थरथरवत बटण झपाट्याने दाबू लागले. मग ‘रोलिंग’ आलं. अंगठा बटणावर नुसता टेकवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं, तबल्यावर फिरावीत तशी, कंट्रोलरच्या पाठीवर एकामागून एक आपटायची. दर ठोक्याला बटणच अंगठ्यावर येऊन आदळतं. एकमेकांचे व्हिडिओ बघून पोरांनी ही युक्ती उचलली, २९ मागे पडली आणि शब्द मूळ अर्थाला परत आला: यंत्रच हात टेकतं ती जागा.

ही भाषा आजची आहे, जिवंत आहे. म्हणून मी ‘ओढ’ सुचवतो. ‘जुन्या गेमांची ओढ’. ओढ न पाहिलेल्या गावाचीही लागते.

प्रतिसाद १

‘ओढ’ मला पटला. ‘रेट्रो’ तसाच राहू द्या. ‘पुरातन’ किंवा ‘गतकालीन’ लिहिलंत तर वाचकाला वस्तुसंग्रहालय दिसेल.

प्रश्नकर्ता

‘ओढ’ घेतो, मनापासून आभार. ‘स्मरणरंजन’ मात्र एका परिच्छेदात ठेवणार आहे, तोही सांगतो. गेम ज्यात असायचा ती यंत्रात खोचायची डबी म्हणजे कार्ट्रिज; नव्वदच्या दशकात आमच्या वाड्यात हा शब्द कुणी ऐकला नव्हता. ती ‘कॅसेट’. मारिओची कॅसेट, कॉन्ट्राची कॅसेट. पडद्यावर नुसत्या रेघा आल्या की कोणीतरी ओरडायचं, ‘फुंकून घाल!’ कॅसेट उपसायची, खालच्या सोनेरी पट्ट्यांवर जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. ही अक्कल आमच्याच वाड्याची, असं मी कित्येक वर्षं समजत होतो. पुढे नेटवर आलो तेव्हा कळलं, अमेरिकेतली पोरंही अगदी हेच करत होती, कुणीही न शिकवता. खरं तर गुण फुंकरीचा नव्हताच. काढून पुन्हा बसवल्यामुळे पट्ट्या नीट टेकत; श्वासातल्या ओलाव्याने उलट त्या गंजायच्या. हे सांगणारा आणि ‘म्हणजे तुम्हीसुद्धा?’ म्हणणारा, दोघं एकमेकांना अनोळखी. तरी रात्र रात्र बोलत बसलेले मी पाहिलेत, त्यांच्यात मीही होतो. तिथे स्मरण आहे आणि रंजनही आहे.

एकच शंका उरली. आमच्याकडे ‘फुंकून घालणे’ म्हणत. तुमच्या गावी काय म्हणत होते?