रोबो आर्मने कड कापताना कोपरे गोल का होतात?

प्रश्न: नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या वर्कशॉपमध्ये सहा अक्षांच्या रोबोवर स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) बसवून ॲल्युमिनियमच्या झाकणांची बाहेरची कड कापतो. बिंदू टीच पेंडंटवर (रोबोला चाली शिकवण्याच्या हातातल्या नियंत्रकावर) शिकवले असून सर्व चाली लिनिअर (सरळ रेषेतील) आहेत. तरीही कोपरे गोल निघतात आणि वेग वाढवला की गोलाई वाढते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: प्रत्येक बिंदूच्या शेवटी लिहिलेली टर्मिनेशन (चाल त्या बिंदूवर कशी संपवायची याची सूचना) आधी पाहावी. फॅनक कंपनीच्या रोबोत ती सीएनटी १०० असल्यास आर्म बिंदूवर न थांबता, कोपऱ्यापर्यंत न जाता गोलाईने वळून पुढे जातो, तर फाईन दिल्यास तो नेमका तिथे थांबतो. मात्र थांबलेला कटर त्याच जागी घासून खूण पाडतो, म्हणून बाहेरच्या कोपऱ्यावर सरळ रेषा कटरच्या व्यासापेक्षा थोडी पुढे नेऊन, हवेत वळून पुढच्या बाजूवर यावे. मला हाच मार्ग सर्वांत खात्रीचा वाटतो.

दुसरे उत्तर: वरील सल्ला योग्यच आहे. त्याचबरोबर टूल सेंटर पॉइंट (कटरच्या टोकाची रोबोत नोंदवलेली जागा) पुन्हा तपासावा, कारण तो चुकीचा असेल तर मनगट फिरताच टोक रेषेवरून सरकते. शिवाय आर्म सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशीनइतका ताठ नसतो. खोल काप एकदम घेतल्यास आर्म दबतो, तेव्हा काप उथळ ठेवावा. पाचवा अक्ष शून्य अंशाजवळ येत असल्यास जॉबची (कापायच्या झाकणाची) मांडणी बदलावी, नाहीतर चौथा व सहावा अक्ष अचानक गरगर फिरतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. टर्मिनेशन सगळीकडे सीएनटी १०० च आहे.