पावसाळ्यात घरच्या पेटीत अंडी उबवणं: पिल्लं पूर्ण वाढतात, पण कवच फोडत नाहीत

जांबोटीकर

थर्मोकोलची पेटी आहे. आत ४० वॅटचे दोन बल्ब, कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा आणि डब्ल्यू १२०९ थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला बल्ब चालू-बंद करणारं यंत्र), ३७.६ अंशांवर. अंडी गावठी कोंबडीची, सरासरी ५० ग्रॅमची. पाण्याची मोठी ताटली पहिल्या दिवसापासून आत असते. वाऱ्यानं तापमान पडू नये म्हणून भोकं टेपनं बंद केलीत. सातव्या दिवशी टॉर्चवर शिरा झकास दिसतात, पण २१ व्या दिवशी निम्मी अंडी तशीच राहतात. फोडून बघितलं तर आत पिसं आलेलं पूर्ण पिल्लू, अंग सुजल्यासारखं, कवचात चिकट पाणी. काही चोच मारून तिथंच मरतात. चूक तापमानात आहे की पाण्यात?

दुसरं, पुढच्या खेपेला बटेरची अंडीही याच पेटीत ठेवायची आहेत. जमेल का? बांधावर तित्तराची अंडी दिसतात, ती ठेवली तर?

निपाणीकर

तापमान नव्हे, पाणी. सुजलेलं पिल्लू आणि कवचात पाणी, म्हणजे १८ दिवसांत अंड्यातली ओल पुरेशी बाहेर पडलीच नाही. अंड्याच्या जाड टोकाला हवेची पोकळी असते. पिल्लू आधी त्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेतं आणि मगच कवच फोडतं. पोकळी लहान राहिली की श्वासाला हवा पुरत नाही, ते आतच गुदमरतं. त्यात तुमची भोकं बंद. शेवटच्या दिवसांत पिल्लांची ऑक्सिजनची गरज सगळ्यात जास्त असते, तेव्हाच पेटीतली हवा शिळी होते.

पावसाळ्यात एक हिशेब डोक्यात ठेवा. बाहेर २२ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असली तरी तीच हवा पेटीत ३७.५ अंशांना तापली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते. पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के लागतात. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये वाटीभर पाणी पुरतं, कधी तेही नको. उलट डिसेंबरच्या थंड, कोरड्या रात्री बिनपाण्याची पेटी २० टक्क्यांच्या खाली जाते, तेव्हा मोठी ताटली लागते. पाणी किती खोल आहे याला अर्थ नाही, पसरट किती आहे ते बघा.

आर्द्रता दाखवणाऱ्या मीटरवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका, स्वस्तातले दहा-दहा टक्के चुकतात. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब-थेंब पाण्यानं चिखलासारखं ओलं करा. ते आणि मीटर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. मीटरनं ७५ दाखवायला हवं. जेवढा फरक येईल तेवढा लिहून मीटरवर चिकटवा.

त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे वजनकाटा. १८ दिवसांत अंड्याचं वजन ११ ते १३ टक्के घटलं पाहिजे. तुमची दहा अंडी मिळून ५०० ग्रॅम धरा. सातव्या दिवशी ती ४७७ च्या आसपास, चौदाव्या दिवशी ४५३ आणि अठराव्या दिवशी ४४० हवीत. सातव्या दिवशी ४९० भरली तर पाणी काढा, भोकं उघडा. ४६५ भरली तर ताटली वाढवा. दर खेपेला तीच दहा अंडी मोजा, पेन्सिलीनं खूण करून ठेवा.

भोकं खाली दोन, वर दोन, करंगळी जाईल एवढी. शेवटचे तीन दिवस चारही उघडी.

अथणी_शेती

आमच्या कोरड्या भागात नेमकं उलटं. मार्च ते मे पोकळी फार मोठी होते, पिल्लू बारीक राहतं आणि कवचाच्या आतला पातळ पडदा कागदासारखा अंगाला चिकटतो. तेव्हा जांबोटीला चालतं ते अथणीला चालेलच असं नाही. उन्हाळ्यात पेटी मातीच्या भिंतीच्या, उत्तरेकडच्या खोलीत ठेवा. खोलीच ३८ अंशांवर गेली तर थर्मोस्टॅट बल्ब बंद करण्यापलीकडे काही करू शकत नाही.

पक्षीवेडा_बेळगाव

थर्मोस्टॅटही बघून घ्या. डब्ल्यू १२०९ मध्ये पी१ म्हणजे तापमान किती उतरल्यावर बल्ब पुन्हा लागायचा तो फरक. कंपनीकडून तो २ अंशांवर येतो. सेट बटण पाच सेकंद दाबून धरा, पी१ वर जा आणि ०.३ करा. सेन्सर अंड्यांच्या वरच्या पातळीला, बल्बपासून लांब. ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर त्याच्याशेजारी ठेवून पडताळा, ३७-३८ च्या टप्प्यात तो चांगला अचूक असतो. दोघांत फरक आला तर तो पी४ या सेटिंगमध्ये भरून काढता येतो. पंखा नसलेल्या पेटीत मात्र अंड्याच्या माथ्याजवळ ३८.५ च्या आसपास लागतं. बल्ब फिलामेंटचेच घ्या, एलईडीनं पेटी तापत नाही. दोन्ही समांतर जोडा, म्हणजे एक उडाला तरी दुसरा चालू राहील.

लाईट गेली तर पहिल्या दोन आठवड्यांत पेटीवर गोधडी घाला आणि झाकण उघडू नका. दोन-तीन तास सहज निभतं. १५ व्या दिवसानंतर पिल्लं स्वतःच ऊब देतात, तेव्हा भोकं झाकली तर गुदमरतील. थोडं थंड झालेलं अंडं सावरतं, ४० अंशांच्या वर गेलेलं सहसा सावरत नाही.

निपाणीकर

बटेरचं सांगतो. बटेर १७-१८ दिवसांत फुटते, कोंबडी २१ दिवसांत. म्हणून आधी कोंबडीची अंडी ठेवा, बटेरची चार दिवसांनी. कोंबडीच्या १८ व्या दिवशी बटेरचा १४ वा येतो. त्याच दिवशी दोन्हींचं फिरवणं थांबवा आणि आर्द्रता ६५ ते ७० करा. तोवर रोज किमान तीनदा फिरवा. आकडा विषम हवा, नाहीतर अंडी रोज रात्री त्याच बाजूवर पडून राहतात. अंडी उभी ठेवत असाल तर जाड टोक वर, खालीवर झालं तर पिल्लू चुकीच्या टोकाला चोच मारतं.

बटेरच्या कवचावर ठिपके असतात, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत जोरदार टॉर्च घेऊनच बघा. पिल्लाचे पाय सरकू नयेत म्हणून फुटायच्या जागी जाळीवर खरबरीत कापड अंथरा. बाहेर आल्यावर कोंबडीच्या पिल्लांपासून वेगळी ठेवा, तुडवली जातात. पहिले दिवस ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारा खोका) ३७ अंशांवर, पाण्याच्या भांड्यात गोट्या किंवा खडे, नाहीतर बुडून मरतात.

तित्तराच्या अंड्यांना हात लावू नका. तित्तर, रानातला लावा, रानकोंबडा या सगळ्यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. त्यांच्या घरट्याला किंवा अंड्यांना धक्का लावणं शिकारीतच धरलं जातं. बाजारातली बटेर जपानी, पाळीव जात आहे, ती वेगळी. वेगळं काही उबवायचंच असेल तर गिनी फाऊल घ्या, २६ ते २८ दिवस लागतात.

जांबोटीकर

धन्यवाद दादा, पुढच्या खेपेला काट्यावरच चालतो. चोच मारलेलं पिल्लू थांबलं की झाकण उघडून कवच सोलू का?

पक्षीवेडा_बेळगाव

घाई नको. पहिला तडा गेल्यावर १२ ते २४ तास पिल्लू थांबतंच. तेवढ्या वेळात पडद्यातलं रक्त आणि उरलेला बलक ते अंगात ओढून घेतं. आधी सोललं तर रक्त येतं आणि बेंबी उघडी राहते. झाकण उघडलं की ओल एकदम उडते आणि तडा गेलेल्या बाकीच्यांचा पडदा वाळतो. एकासाठी चार जातात. २४ तास होऊन गेले, आवाज येतोय, पण तडा पुढं सरकत नाही, तेव्हाच कोमट पाण्यानं तडा ओला करा आणि जाड टोकाकडचं थोडं कवच काढा. लाल शीर दिसली की तिथंच थांबून अंडं परत पेटीत ठेवा.

आधी फुटलेली पिल्लं भुकेनं मरतील म्हणून झाकण उघडू नका. पोटातल्या बलकावर ती एक दिवस आरामात काढतात.