मदत हवी आहे : व्यंगचित्रकार एरिख ओझर

नमस्कार. ‘बर्लिनर इलुस्ट्रिर्टे त्साइटुंग’ या साप्ताहिकात १९३४ ते १९३७ या काळात बाप आणि मुलाची शब्दांविना चित्रमालिका काढणारे जर्मन व्यंगचित्रकार एरिख ओझर यांच्यावर मी दिवाळी अंकासाठी लेख लिहीत आहे. जेवायला बोलवायला गेलेला टकला, मिशाळ बाप मुलाचे पुस्तक घेऊन स्वतःच जमिनीवर पालथा पडून वाचत बसतो, ते चित्र मला फार प्रिय आहे.

नाझींवर टीका करणारी चित्रे आधी काढल्यामुळे त्यांच्यावर बंदी आली आणि म्हणूनच ‘ए. ओ. प्लाउएन’ हे टोपणनाव घ्यावे लागले. मात्र १९४० पासून त्यांनीच ‘दास राइश’ या नाझी साप्ताहिकासाठी चित्रे काढली. माझा लेख इथेच अडला आहे, कारण हा भाग गाळणे मला अप्रामाणिक वाटते. पुढे राजवटीविरुद्ध बोलल्याची चुगली झाल्याने त्यांना अटक झाली आणि खटल्याच्या आदल्या रात्री, एप्रिल १९४४ मध्ये, त्यांनी कोठडीत आयुष्य संपवले.

या उत्तरार्धातील चित्रांविषयीचे जर्मन लेखन वाचून कोणी मला मराठीत समजावून देऊ शकेल का? प्लाउएन गावातील त्यांचे संग्रहालय पाहिलेल्यांनीही कृपया अवश्य लिहावे.