मदत हवी आहे: भरतीची अट कामासाठी गरजेची आहे की नाही, कसं ठरवायचं?

४० जणांच्या कंपनीत भरतीचं काम माझ्याकडे आहे. भेदभावाच्या खटल्यांतून काय शिकावं, यावर मॅनेजरांसाठी दोन पानी टिपण करतेय. सुरुवात अमेरिकेतल्या १९७१ च्या 'ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर' निकालाने केली. हायस्कूलचा दाखला आणि लेखी चाचण्या, अटी सगळ्यांना सारख्याच. पण त्यात कृष्णवर्णीय कामगार जास्त गळत होते आणि त्या अटींचा कामाशी संबंध कंपनीला दाखवता आला नाही. 'हेतू वाईट नव्हता' एवढ्यावर सुटका झाली नाही. आमच्या मॅनेजरांना नेमकं हेच पचत नाही!

मुलाखतीचे प्रश्न सगळ्यांना एकच केलेत, गुणांची नोंदही ठेवतो. वकिलांना विचारणार आहोतच, त्यामुळे कलमं नकोत. अडलंय ते 'सलग ५ वर्षांचा अनुभव' या अटीवर. मुलांसाठी मध्ये नोकरी सोडलेल्या बायका तिथेच बाद होतात. विभागप्रमुख म्हणतात, अट हवीच. का, ते सांगता येत नाही. अशी अट खरंच लागते का, हे तुम्ही कशावरून तपासलंत? आणि ते कागदावर कसं नोंदवलंत?